बाराव्या पानावरचं बदक

एल्वुड हॅडावेनं आयुष्यात एकही बदक मारलं नव्हतं, आणि आमच्या गावात ही गोष्ट चर्चला न जाण्यापेक्षा वाईट समजतात. चेसापीक खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरचं आमचं गाव. थंडी पडायला लागली की निम्मं गाव पहाटे लव्हाळ्यांच्या आडोशाला, गुडघाभर पाण्यात जाऊन बसतं. त्या दिवसांत न्हाव्याचं दुकान उशिरा उघडतं, कोर्ट उशिरा भरतं, आणि कुणी तक्रार करत नाही, कारण तक्रार करणाराही पाण्यातच असतो. अशा गावात हा माणूस घरी पायांवर घोंगडी घेऊन शिकारीची पुस्तकं वाचत बसायचा.

बरं, पुस्तकं तरी आजकालची? तर तेही नाही. देश अजून दुधाच्या दातांचा होता तेव्हा फिलाडेल्फियात, बॉस्टनमध्ये छापलेली. बदकं, रानकोंबडे, ट्राउट मासे, शिकारी कुत्रे, आणि एकेक चित्र माणसानं बसून हातानं रंगवलेलं. अशी पुस्तकं त्याच्या बैठकीत जमिनीपासून छतापर्यंत होती. दोन जातींच्या शिकारी कुत्र्यांमधला फरक तो कानाच्या ठेवणीवरून सांगू शकायचा, पण खरा कुत्रा अंगणात आला की याला शिंकांवर शिंका सुरू व्हायच्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. आणि हे तो स्वतःच सगळ्यांच्या आधी सांगायचा. "आमच्या घरात इतकी बदकं आहेत," तो म्हणायचा, "पण एकालाही मीठमसाला लावता येत नाही."

त्याचा बाप याच्या अगदी उलट. फिलाडेल्फियाहून येणाऱ्या पैसेवाल्यांना होडीतून शिकारीला न्यायचा तो. एल्वुड दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर बापानं त्यालाही बरोबर नेलं. सगळे श्वास रोखून बसले होते, लांबून थवा खाली उतरत होता, आणि नेमका त्याच वेळी एल्वुडच्या शेजारी बसलेल्या ओल्या कुत्र्यानं अंग झाडलं. मग जी शिंक आली ती म्हणे पैलतीराला ऐकू गेली. थवा वळला तो वळलाच. बाप म्हणाला, "तू घरी बस. पुस्तकं वाच." एल्वुडच्या मते जगात बापाची आज्ञा इतकी तंतोतंत पाळणारा मुलगा दुसरा झाला नसेल.

पुढं तो चष्मेवाला झाला. गावातल्या सगळ्या नेमबाजांचे चष्मे त्याच्याच दुकानातले. त्यामुळे बदकांच्या मरणात आपलाही थोडा हात आहे, असं तो अभिमानानं म्हणायचा. आणि बाप गेल्यावर त्यानं बापाची होडी विकली आणि त्या पैशांतून एक पुस्तक घेतलं. बापानं आयुष्यभर जी शिकार केली तिचं पुस्तक घ्यायला बापाची होडी विकणारा मी एकटाच गाढव, हेही त्याचंच वाक्य.

पण त्या पुस्तकाचं सांगायलाच हवं. 'चेसापीकची पाणपाखरं' असं साधं नाव, जाड कातडी बांधणी, आणि आत बारा मोठी चित्रं. त्या काळी अशी चित्रं रंगवायची एक पद्धत होती. लांबलचक टेबलाशी पोरी ओळीनं बसायच्या, प्रत्येकीकडं एकच रंग. पहिली आकाश द्यायची, दुसरी पाणी, तिसरी पिसांचा तपकिरी, चौथी चोच आणि पाय. कागद हातोहात पुढं सरकायचा आणि टेबलाच्या शेवटी बदक पुरं होऊन बाहेर पडायचं. एल्वुडच्या प्रतीत अकरा चित्रं अशी पुरी झालेली, रंग काल दिल्यासारखे. आणि बारावं मात्र कोरं. काळ्या रेषा तेवढ्या होत्या. दोन कागद चिकटून पुढं गेले असतील, किंवा पोरी जेवायला उठल्या असतील. चित्र होतं कॅनव्हासबॅकचं, म्हणजे आमच्या पाण्यातल्या बदकांच्या राजाचं. लाल डोकं, काळी छाती, पांढरीशुभ्र पाठ. तोच राजा पुस्तकाच्या शेवटी पांढऱ्या कागदावर पांढरा पोहत होता.

ते पान तसं होतं म्हणून तर पुस्तक चष्मेवाल्याला परवडलं. पण ते पान तसं होतं म्हणूनच त्याची झोपही गेली. तेच चित्र रंगवलेलं सुटं कुठं मिळालं तर या जागी बसवायचं, म्हणून बावीस वर्षं तो जुन्या पुस्तकांच्या जत्रांना जात राहिला. त्याची बायको लेनोरा ही एकच बाई असेल जिला शिकारीच्या पुस्तकातलं एकही पान न वाचता बारावं पान तोंडपाठ होतं. जेवायला बसलं की एल्वुड सूप ढवळत म्हणायचा, "काय गं, तेवढं एक पान कुणीतरी रंगवलं असतं तर!" ती म्हणायची, "सूप गार होतंय." आमच्याकडे संसार असेच चालतात.

आता लेनोराचं. तिचा बाप लाकडी बदकं करायचा. ही बदकं पाण्यावर सोडून द्यायची. आपले भाऊबंद खाली बसलेत असं समजून वरचा थवा उतरतो आणि बंदुकीच्या टप्प्यात येतो. एक हंगाम झाला की खाऱ्या पाण्यानं आणि उन्हानं रंग उडतो, मग सप्टेंबरात ती पुन्हा रंगवायची. बाप गेल्यावर हे काम लेनोराकडं आलं. सप्टेंबर लागला की गावातले बाप्ये पोत्यांतून बदकं घेऊन तिच्या ओसरीवर ओतायचे आणि ती भराभर रंगवून परत द्यायची. रंग उडाला की द्यायचा. यात विचार करण्यासारखं काही असतं असं तिला कधी वाटलंच नाही. पुस्तकवाल्यांच्या जगात मात्र जुन्या चित्रावर नव्यानं रंग देणं म्हणजे मेलेल्या माणसाला लिपस्टिक लावणं. एकाच छपराखाली ही दोन शास्त्रं बावीस वर्षं सुखानं नांदत होती. कारण सोपं आहे, दोघंही एकमेकांचं बोलणं ऐकत नव्हती.

त्या वर्षी उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. पहिली ही की फिलाडेल्फियाच्या शिकारग्रंथ मंडळानं एल्वुडला कळवलं, आमचे सचिव येऊन तुमचं पुस्तक बघतील. या मंडळानं त्याला सभासद करून घ्यायला याआधी दोनदा नकार दिला होता. मंडळात बँकवाले, वकील, मोठ्या मोठ्या घराण्यांतली माणसं. वर्षातून एकदा हिरवे टाय बांधून जेवायला बसतात आणि आपापली पुस्तकं एकमेकांना दाखवतात. त्यातली बरीच माणसं कधीकाळी एल्वुडच्या बापाच्या होडीतून शिकारीला गेलेल्यांची नातवंडं. बापानं ज्यांना होडीत हात देऊन चढवलं त्यांच्या पंगतीला आपण बसावं, ही इच्छा त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती. अगदी लेनोरालाही नाही. स्वतःलासुद्धा तो ती विनोद म्हणूनच सांगायचा.

दुसरी गोष्ट अशी, की लग्नाच्या वाढदिवसाला तो फिलाडेल्फियाच्या जत्रेहून रिकाम्या हातानं परत आला, तर जेवणानंतर लेनोरानं पुस्तक टेबलावर ठेवलं, हात ॲप्रनला पुसले आणि म्हणाली, "उघड. शेवटचं पान."

त्यानं उघडलं. कॅनव्हासबॅक रंगवलेलं होतं.

लाल डोकं होतं, काळी छाती होती, पांढरी पाठ होती. मागं पाणी होतं आणि पाण्यावर सकाळ होती. पण तो रंग पुस्तकातला नव्हता, ओसरीवरचा होता. जाड, घट्ट, ऊनपावसात टिकेल असा. बाकीची अकरा पाखरं कागदावर अलगद उतरलेली आणि हे बारावं पोत्यातून काढून ठेवलेलं. लाकडी बदकांना ठोकतात तसं त्याच्या पोटाखाली शिशाचं वजन ठोकलंय की काय असं वाटत होतं.

एल्वुडच्या डोक्यात जुन्या पुस्तकांच्या कॅटलॉगातलं वाक्य आपोआप उमटलं, 'शेवटचं चित्र नंतर, हौशी हातानं रंगवलेलं, प्रत बिघडलेली.' बावीस वर्षं, बापाची होडी, हिरवा टाय, सगळं त्या लाल डोक्याकडं बघता बघता बुडालं. आणि समोर लेनोरा उभी होती, लग्नाच्या दिवशी उभी होती तशी, लाल झालेली.

"तूच म्हणायचास ना, कुणीतरी रंगवायला हवं होतं?" ती म्हणाली.

"म्हणायचो," एल्वुड म्हणाला.

"मग? बोल की काहीतरी. कसं झालंय?"

"अगं... काय बोलू?" तो म्हणाला, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं. मग रुमाल काढून त्यानं डोळे पुसले. लेनोराला वाटलं, आनंदानं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि केक आणायला गेली.

सचिव यायच्या आत तो रंग काढून घेता आला असता. बाल्टिमोरला जुने कागद दुरुस्त करणारी एक बाई होती, तिला त्यानं गुपचूप फोनही केला. पण पुस्तक हाती लागेल तर ना! लेनोरानं ते बैठकीत उघडं मांडून ठेवलं होतं, आणि येणारा जाणारा बारावं पान बघून जात होता. शेजारचा वेस ब्रॅडशॉ, ज्यानं शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं, तो गुडघ्यांवर हात टेकून कितीतरी वेळ बघत राहिला. "हे बघ, याला म्हणतात बदक," तो म्हणाला. "बाकीची सगळी आजारी दिसतायत रे, एल्वुड."

तेव्हा एल्वुडनं दुसरा बेत केला. सचिवाला आधी पोटभर कालवांचं सूप घालायचं, त्यावर बर्बन व्हिस्की पाजायची, पडदे अर्धे ओढायचे, आणि बाराव्या पानाशी आल्यावर हवापाण्याचं काहीतरी काढायचं. म्हणजे थोडक्यात, ज्या फसवणुकीनं आमच्या गावात बदकं उतरवतात, त्याच फसवणुकीनं त्याला सचिव उतरवायचा होता. शिकारीतली आपली ही पहिलीच मोहीम, या विचारानं त्याला त्याही परिस्थितीत हसू आलं.

सचिवाचं नाव ऑगस्टस पेनिपॅकर. उंच, सडपातळ, अतिशय सभ्य माणूस. सूप त्यांनी दोनदा मागून घेतलं, बर्बनला नको म्हणाले, आणि बैठकीत आल्याबरोबर स्वतःच पडदे उघडले. "प्रकाश असू द्या, मिस्टर हॅडावे. अशी प्रत रोज बघायला मिळत नाही."

एकेक पान ते उलटत गेले. चित्रावरचा झिरझिरीत कागद दोन बोटांनी उचलायचे, वाकून बघायचे आणि "वा" म्हणायचे. अकरा वेळा वा. एल्वुडचे कान अभिमानानं गरम झाले. बाप आत्ता दाराशी उभा असता तर, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग बारावं पान आलं.

पेनिपॅकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"यंदा ऑगस्टात वारा जरा..." एल्वुडनं सुरुवात केली.

"अरेरे," पेनिपॅकर म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, तोच तर त्रास. दुष्ट माणूस असता तर गोष्ट सोपी होती. "कुणी केलं हे? कुण्या अडाणी हाताचं काम आहे हो हे? इतक्या सुंदर प्रतीवर!"

दारात लेनोरा उभी होती. हातात स्मिथ आयलंडचा थराथरांचा केक. आदल्या दिवसापासून ती या घडीची वाट बघत होती. शहरातला जाणकार आपल्या बदकाला काय म्हणतो ते ऐकायचं म्हणून.

एल्वुडनं तिच्याकडं बघितलं. तिनंही त्याच्याकडं बघितलं. आणि एल्वुड हॅडावे, वय वर्षं चौसष्ट, चर्चच्या गायनमंडळातला सदस्य, म्हणाला, "मी घेतलं तेव्हापासून असंच आहे ते."

लेनोरानं केक टेबलावर ठेवला आणि सुरी घेतली.

"हो ना," ती पेनिपॅकरांना म्हणाली. "दुकानदारानं फसवलं बिचाऱ्याला. भोळा आहे आमचा एल्वुड. जरा मोठा तुकडा देऊ का तुम्हाला?"

केक खाता खाता पेनिपॅकरांनी मार्ग सुचवला. रंग वरवर बसलाय, कागदात मुरलेला नाही, औषधानं धुऊन निघेल. धुऊन घ्या, शरदातल्या जेवणाला प्रत घेऊन या, मंडळ तुम्हाला नाही म्हणणार नाही, हा माझा शब्द. जाताना त्यांनी लेनोराच्या केकची इतकी तारीफ केली की एल्वुडला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. ज्या हाताला अडाणी म्हटलं त्याच हाताचं हे, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं.

गाडी गेल्यावर एल्वुड म्हणाला, "लेनोरा, अगं मी..."

"बशा धुवायच्यात," ती म्हणाली.

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही, रडली नाही, जेवायला वाढत राहिली, शर्टाची बटणं लावत राहिली. फक्त सप्टेंबर आला, वेस ब्रॅडशॉ पोतं घेऊन ओसरीवर आला, तेव्हा ती दार अर्धवट उघडून म्हणाली, "यंदा दुसरीकडं ने, वेस. माझा हात अडाणी आहे."

वेसला काही कळेना. पण आमच्या गावात न कळलेली गोष्टच आधी पसरते. दोन दिवसांत सगळ्यांना सगळं कळलं. केक, सचिव, 'असंच आहे ते', सगळं. आणि मग एल्वुडची जी दैना झाली ती विचारू नका. गावाची बदकं रंग उडालेली, हंगाम तोंडावर आलेला, आणि रंगवणारी बाई ब्रश धुऊन, बरणीत उलटे ठेवून बसलेली. दुकानात चष्मा घ्यायला येणारा माणूस काचेतून बघण्याऐवजी एल्वुडकडं बघायला लागला.

"का रे बाबा, बायको कोण तुझी? ओळखतोस की तीपण घेतलीस तेव्हापासून अशीच आहे?" न्हाव्यानं विचारलं, तेही वस्तरा गळ्यावर धरून.

"माझी बदकं भुतासारखी दिसतायत," वेस म्हणाला. "थवा खाली बघेल आणि म्हणेल, मेलेत वाटतं सगळे, चला पुढं. सगळं तुझ्यामुळं. जन्मात एक बदक मारलं नाहीस, आणि आता सगळ्या गावाची शिकार बुडवलीस. तुझ्या बापाला तू काय म्हणून झालास देव जाणे."

एल्वुड सगळ्यांना हो म्हणत होता. स्वतःला बोल लावण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, पण यावेळी त्याला त्यातली मजा येत नव्हती. आयुष्यभर तो स्वतःवर आधी हसायचा, म्हणजे दुसऱ्याला हसायला जागा उरायची नाही. हे त्याला आता न्हाव्याच्या खुर्चीत बसून कळलं. आणि हेही कळलं की लेनोरावर तो कधी हसला नव्हता, पण तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं.

एके सकाळी लेनोरानं स्वतःच पुस्तक तपकिरी कागदात बांधून त्याच्यापुढं ठेवलं. "जा. धुऊन आण," ती म्हणाली. "त्यांचं जेवण जवळ आलंय."

"तुला चालेल?"

"मी कोण? दुकानदारानं फसवलंय तुला."

खाडीवरचा पूल ओलांडून तो बाल्टिमोरला गेला. मागं वळायला हवं होतं, पण वळला नाही. हिरवा टाय अजून डोळ्यांपुढं होताच, खोटं कशाला सांगा. कागद दुरुस्त करणारी बाई कामाची होती, तिनं वायफळ प्रश्न विचारले नाहीत. पान सपाट केलं, कापसाचा बोळा कसल्याशा औषधात बुडवला आणि शेपटीच्या टोकापासून सुरुवात केली. रंग लगेच सुटला. लेनोराची काळी शेपूट कापसावर आली आणि खाली छापलेल्या बारीक रेषा उघड्या पडल्या, पावणेदोनशे वर्षांपूर्वी होत्या तशा. बाईनं बोळा बशीत टाकला, दुसरा घेतला आणि पाठीकडं वळली.

एल्वुड त्या बशीतल्या बोळ्याकडं बघत होता. दर सप्टेंबरात लेनोराच्या नखांत हाच रंग असायचा.

"थांबा," तो म्हणाला. आवाज इतका मोठा झाला की बाई दचकली.

"अहो, अर्धवट राहील," ती म्हणाली. "आता तर धड ना हे, धड ना ते."

"माझंही तसंच आहे," एल्वुड म्हणाला आणि पान सुकायची वाट बघत बसला.

घरी आला तेव्हा दुपार होती. लेनोरा स्वयंपाकघरात खेकडे सोलत होती. त्यानं पुस्तक टेबलाच्या कोरड्या बाजूला ठेवून उघडलं. बिनशेपटीचं कॅनव्हासबॅक सकाळच्या पाण्यावर पोहत होतं, थोडं ओशाळल्यासारखं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, तशी त्या पुस्तकाची गत झाली होती. मंडळाला ते नको होतं आणि गावाच्या दृष्टीनं ते शेपूट उपटलेलं होतं.

"शेपूट कुठाय?" लेनोरानं विचारलं.

"बाल्टिमोरला. परत लावून देशील?"

"मी अडाणी आहे," ती म्हणाली आणि खेकड्याची नांगी मोडली.

एल्वुड भिंतीवरच्या फोनपाशी गेला आणि फिलाडेल्फियाचा नंबर फिरवला. हे तिनं बघितलं. बघत नाही असं दाखवत बघितलं.

"मिस्टर पेनिपॅकर, मी एल्वुड हॅडावे. नाही, धुऊन नाही झालं. होणारही नाही. तुम्ही विचारलं होतं ना, कुणी केलं हे? मी खोटं बोललो तुमच्याशी. माझ्या बायकोनं केलंय. हो, त्याच. केकवाल्या. गावातल्या सगळ्या बाप्यांची बदकं तीच रंगवते, आणि तुमच्या आजोबांच्या वेळची बदकं तिचा बाप रंगवायचा. ती दारात उभी होती, साहेब, आणि तुम्ही अडाणी म्हणालात. पण तुमची चूक नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

पलीकडून पेनिपॅकर काहीतरी हळू आवाजात बोलले. एल्वुडनं "समजू शकतो" म्हटलं, "हो, नियम तो नियम" म्हटलं, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"माफी मागितली तुझी. आणि प्रत बिघडलेली आहे म्हणाले. म्हणजे मी बाहेर."

लेनोरानं हात धुतले. ॲप्रनला पुसले. पुस्तक खिडकीपाशी उजेडात नेलं आणि बराच वेळ बाराव्या पानाकडं बघत राहिली.

"एक विचारू, एल्वुड? खरं सांगशील? कोरं होतं तेव्हाच बरं होतं का?"

त्याला 'नाही' म्हणता आलं असतं. पण एवढ्यात एकदा खोटं बोलून त्यानं काय मिळवलं होतं ते त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

"पुस्तक बरं होतं," तो म्हणाला. "हे बदक लाकडी दिसतं गं. पण बावीस वर्षं मी ते पान कधी उघडून बघत बसलो नाही. जीव जळायचा म्हणून अकराव्यावरच मिटायचो. आता पुस्तक हातात घेतलं की तेच उघडतं."

"लाकडीच दिसणार," लेनोरा म्हणाली. "मी जन्मभर लाकडाचीच रंगवली. तू तरी खरं जवळून कधी बघितलंयस?"

"मी कागदाचंच," एल्वुड म्हणाला.

मग आधी कोण हसलं ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. लेनोरा हसता हसता खुर्चीत बसली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. एल्वुडनं तिचा हात धरला. खेकड्यांचा वास येत होता हाताला. तिनं तो थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला, बरणीतला बारीक ब्रश काढला आणि त्याचे केस अंगठ्यानं चाचपून बघितले.

"फोन लाव," ती म्हणाली.

"आता कुणाला?"

"वेसला. म्हणावं, बदकं घेऊन ये."